इंडियन विमेन्स लीग २०२४–२५ आणि तिच्या खालच्या श्रेणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलींच्या फुटबॉल सरावाला येणारे पालक, शाळेतले क्रीडाशिक्षक आणि आता तर मुलीसुद्धा मला हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. दर वेळी मैदानाच्या कडेला उभं राहून अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा बसून नीट लिहून काढलं. २०२४–२५ चा हंगाम समोर ठेवलाय, कारण वर चढणं आणि खाली घसरणं या दोन्ही गोष्टी त्यात स्पष्ट दिसल्या.

इंडियन विमेन्स लीग म्हणजे नेमकी कोणती स्पर्धा?

अखिल भारतीय फुटबॉल महासंघ चालवतो ती देशातली महिलांची सर्वोच्च क्लब लीग. सगळे तिला आयडब्ल्यूएल म्हणतात. पहिला हंगाम २०१६–१७ चा. त्याची अंतिम फेरी २०१७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर झाली आणि मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने ओडिशाच्या रायझिंग स्टुडंट्स क्लबला ३–० ने हरवून करंडक नेला. पुढच्या वर्षी रायझिंग स्टुडंट्सने तो जिंकला, २०१८–१९ मध्ये तमिळनाडूच्या सेतू एफसीने. मग गोकुलम केरळचं राज्य सुरू झालं: २०१९–२०, २०२१–२२ आणि २०२२–२३ अशी सलग तीन जेतेपदं. मधलं वर्ष करोनात गेलं.

पूर्वीचे हंगाम आणि हा हंगाम यात फरक काय?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

सुरुवातीची कितीतरी वर्षं ही नावाला लीग होती, प्रत्यक्षात एखाद्या मोठ्या स्पर्धेसारखी. सगळे संघ एका गावात जमायचे. कधी दिल्ली, कधी शिलाँग, कधी लुधियाना, बंगळुरू, भुवनेश्वर, अहमदाबाद. तीन-चार आठवड्यांत सगळं आटपायचं. एक-दोन दिवसांआड सामना. मांडीचा स्नायू धरला की त्या मुलीचा हंगाम तिथेच संपला, कारण ती बरी होईपर्यंत स्पर्धाच उरलेली नसायची. बहुतेक वर्षी शेवटी बाद फेरी असायची. म्हणजे वर्षभर घाम गाळायचा आणि उपांत्य सामन्यातल्या एका वाईट अर्ध्या तासात घरी जायचं.

२०२३–२४ मध्ये सात संघांनी पहिल्यांदाच घरच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर आळीपाळीने सामने खेळले. २०२४–२५ मध्ये संघ आठ झाले. प्रत्येकीने प्रत्येकीशी दोनदा खेळायचं, म्हणून प्रत्येक संघाचे १४ सामने आणि हंगामाचे एकूण ५६. १० जानेवारी २०२५ ला सुरुवात झाली, १८ एप्रिलला शेवट. उपांत्य नाही, अंतिम नाही. गुणतक्त्यात जो वर, तो विजेता. जिंकलात तर ३ गुण, बरोबरी झाली तर १.

कागदावर हा बदल लहान दिसतो. पण १४ सामन्यांचा हंगाम म्हणजे दुखापतीतून परतायला वेळ. राखीव खेळाडूला संधी. आपल्या गावात सात वेळा आपला संघ खेळताना बघायला मिळणं. आणि प्रशिक्षकाला चूक सुधारायला मिळणं. पहिल्या फेरीत ज्या संघाने तुमच्या डाव्या बाजूने तीन गोल केले, त्याच्याशी तुम्ही दोन महिन्यांनी परत खेळणार असता. त्या दोन महिन्यांत जे काम होतं ना, खरं फुटबॉल तिथे शिकलं जातं.

आठ संघ कोणते होते?

पश्चिम बंगालचे ईस्ट बंगाल आणि श्रीभूमी, ओडिशाचे ओडिशा एफसी आणि नीता फुटबॉल अकादमी, केरळचा गोकुलम, कर्नाटकचा किकस्टार्ट, तमिळनाडूचा सेतू आणि दिल्लीचा हॉप्स एफसी. श्रीभूमी आणि नीता हे दोघं खालच्या श्रेणीतून नुकतेच वर आलेले.

ही यादी वाचताना दोन राज्यांची नावं शोधली तर ती सापडत नाहीत. एक मणिपूर. दुसरं आपलं. दोघांबद्दल खाली लिहिलंय.

ईस्ट बंगाल कसं काय जिंकलं? आदल्या वर्षी तर ते मागे होते ना?

हो, २०२३–२४ मध्ये ते गुणतक्त्याच्या तळाच्या भागात होते. तिथून एका वर्षात थेट वर. नशिबावर १४ सामने निघत नाहीत, त्यांनी मुळापासून बांधणी केली. प्रशिक्षक म्हणून अँथनी अँड्र्यूज आले. गोकुलमला २०२१–२२ आणि २०२२–२३ चं जेतेपद मिळवून देणारे तेच. लीग कशी जिंकतात हे ठाऊक असलेला माणूस त्यांनी आधी आणला, मग संघ भरला: गोलमध्ये पंथोई चानू, बचावात आशालता देवी आणि स्वीटी देवी, मध्यभागी संगीता बासफोर, पुढे सौम्या गुगुलोथ आणि घानाची एलशद्दाई अचेम्पाँग. यातल्या भारतीय नावांवर भारतीय संघाचा अर्धा कणा उभा राहतो.

जेतेपद निश्चित झालं ११ एप्रिल २०२५ ला, पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या मैदानावर, हंगाम संपायच्या आठवडाभर आधी. समोर होता गतविजेता ओडिशा एफसी. निकाल १–० आणि तो एकमेव गोल सौम्याचा, उत्तरार्धात.

त्या सामन्याची एक आठवण सांगते. संध्याकाळी सराव संपल्यावर मी मोबाईलवर त्याचं रेकॉर्डिंग लावलं आणि गोलपोस्टच्या जाळीला टेकवून ठेवलं. बारा-तेरा मुली मांडी घालून बसल्या. निकाल काय लागला हे मी सांगितलं नव्हतं. गोल झाल्यावर ओरडा होणारच होता. पण मला आठवतात ती त्यानंतरची मिनिटं. आमची बचावातली एक मुलगी, वय चौदा, जिला पुढच्या खेळाडूंचं फार कौतुक वाटत नाही, ती सरकत सरकत मोबाईलच्या अगदी जवळ गेली आणि म्हणाली, "ताई, आता त्या पुढं जात न्हाईत बघा. सगळ्या एका दोरीत उभ्या हायत." एक गोलची आघाडी कशी राखायची हे मी तिला दोन महिने खडूने फळ्यावर दाखवत होते. तिला ते त्या मिनिटांत दिसलं.

सौम्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातली. आपल्या नांदेडची हद्द ओलांडली की निजामाबाद लागतं. मुलींना हे सांगितलं की त्यांना ती लगेच जवळची वाटते.

दुसरं कोण आलं? सर्वाधिक गोल कुणाचे?

उपविजेता गोकुलम केरळ. सर्वाधिक गोलही त्यांच्याच खेळाडूचे: युगांडाची फाझिला इक्वापुट, २४ गोल. १४ सामन्यांच्या लीगमध्ये २४ गोल म्हणजे काय ते हिशोब करून बघा.

गतविजेता संघ खालच्या श्रेणीत गेला, हे खरं आहे?

खरं आहे. ओडिशा एफसी २०२३–२४ चा विजेता आणि २०२४–२५ च्या शेवटी हॉप्स एफसीबरोबर खाली. तळाच्या दोघांना आयडब्ल्यूएल २ मध्ये जावं लागतं, त्यात गतविजेत्याला सूट नाही.

पुष्कळांना हे क्रूर वाटतं. मला त्या खेळाडूंसाठी वाईट वाटलं, आजही वाटतं. पण नियम योग्यच आहे असं माझं ठाम मत आहे. खाली जाण्याची भीती नसेल तर फेब्रुवारीनंतर अर्ध्या संघांना खेळायला कारण उरत नाही. सहाव्या आणि सातव्या क्रमांकाचा सामना जीव ओतून खेळला जातो, कारण त्यांच्यामध्ये एक रेष असते. आपण बातम्यांमध्ये फक्त पहिला क्रमांक वाचतो. या हंगामात मी गुणतक्ता खालून वर वाचायला शिकले आणि निम्मी गोष्ट खालीच असते हे कळलं.

आयडब्ल्यूएल २ काय आहे आणि ती कशी चालते?

दुसरी श्रेणी. २०२३–२४ पासून सुरू झाली. संघ आधी गटांमध्ये खेळतात, गटांतले वरचे संघ अंतिम फेरीत जातात, तिथे पुन्हा साखळी पद्धतीने सामने होतात आणि वरचे दोन संघ पहिल्या श्रेणीत येतात. या फेऱ्या मात्र अजून एकाच ठिकाणी, थोड्या दिवसांत उरकल्या जातात. म्हणजे वरच्या श्रेणीने या दोन हंगामांत जो त्रास मागे टाकला, तो खालच्या श्रेणीतल्या मुली अजून सोसतायत.

पहिल्या वर्षी श्रीभूमी आणि नीता वर आले. श्रीभूमीने वर आल्यावर पहिल्याच हंगामात भल्याभल्यांना घाम फोडला आणि गुणतक्त्याच्या वरच्या भागात जागा मिळवली. दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०२४–२५ मध्ये, गढवाल युनायटेड आणि सेसा फुटबॉल अकादमी यांना बढती मिळाली. नाव गढवाल असलं तरी क्लब दिल्लीचा. सेसा गोव्याची. सावंतवाडी-बांद्यापासून पलीकडे बघितलं तर दिसेल इतकी जवळ.

त्याच्या खाली काय?

राज्यांच्या लीग. केरळ, ओडिशा, कर्नाटक, तमिळनाडू, गोवा इथे राज्य पातळीवर महिलांच्या लीग होतात. कोलकात्याच्या महिला लीगला कन्याश्री कप म्हणतात. राज्य संघटना आपल्या स्पर्धेतून पुढे आलेल्या क्लबचं नाव आयडब्ल्यूएल २ साठी पाठवते. महाराष्ट्रात हे काम वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन म्हणजे विफाकडे आहे. तेव्हा शिडी अशी: जिल्हा, राज्य, आयडब्ल्यूएल २, आयडब्ल्यूएल. चार पायऱ्या. सगळ्यात मोडकळीला आलेली पायरी पहिली आहे. कित्येक जिल्ह्यांत मुलींचे चार संघही उभे राहत नाहीत. राहिले तरी तीन दिवसांची एक स्पर्धा होते आणि वर्ष संपतं.

राजमाता जिजाबाई करंडक म्हणजे हीच लीग का?

नाही. हा घोळ फार जणांचा होतो. राजमाता जिजाबाई करंडक ही वरिष्ठ महिलांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा, ती राज्यांच्या संघांमध्ये होते. महाराष्ट्र, मणिपूर, बंगाल, रेल्वे वगैरे. आयडब्ल्यूएल क्लबची. एकच खेळाडू दोन्हीकडे दिसू शकते: लीगमध्ये ईस्ट बंगालकडून आणि राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या राज्याकडून. रणजी करंडक आणि आयपीएल वेगळे आहेत तसंच.

मणिपूरने इतक्या खेळाडू दिल्या, मग त्यांचा संघ पहिल्या श्रेणीत का नव्हता?

मलाही हे बोचतं. राष्ट्रीय अजिंक्यपद मणिपूरने वीसहून अधिक वेळा जिंकलंय. पहिली आयडब्ल्यूएल मणिपूरच्या क्लबची. २०१८–१९ चा उपविजेता मणिपूर पोलीस, २०१९–२० चा उपविजेता क्रिफ्सा, दोन्ही मणिपूरचे. स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबशी करार करून युरोपात व्यावसायिक फुटबॉल खेळणारी पहिली भारतीय महिला बाला देवी तिथलीच. आणि २०२४–२५ च्या पहिल्या श्रेणीत मणिपूरचा एकही क्लब नाही.

खेळाडू आहेत, त्या दुसऱ्यांच्या जर्सीत आहेत. घर आणि परक्या मैदानावरची लीग म्हणजे सात वेळा प्रवास: विमान किंवा लांब पल्ल्याची रेल्वे, मुक्काम, जेवण, फिजिओ. त्यासाठी मागे पैसा उभा करणारा क्लब लागतो. इंफाळहून कोळीकोड किंवा बंगळुरूला संघ न्यायचा खर्च कोलकात्याच्या क्लबपेक्षा कितीतरी जास्त. शिवाय २०२३ पासून तिथे जी अशांतता आहे, तीत घरच्या मैदानावर नियमित सामने भरवणं हीच मोठी गोष्ट. लीग जितकी व्यावसायिक होत जाते तितका खेळ जिथे रुजला ते ठिकाण मागे पडण्याचा धोका वाढतो. महासंघाने प्रवासाचा वाटा उचलायला हवा असं मला मनापासून वाटतं, निदान ईशान्येतल्या क्लबसाठी तरी.

आणि महाराष्ट्र?

हा प्रश्न आला की मी दोन मिनिटं गप्प होते.

आपल्याकडे काय नाही ते सांगा. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत महिलांचा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्याच्या बालेवाडीत झाला. त्याच वर्षी १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना ३० ऑक्टोबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला, स्पेनने कोलंबियाला १–० ने हरवलं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठेपेठेची माणसं आपल्या तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या, संघासाठी जीव टाकतात, सामना असला की दुकानं लवकर बंद होतात. मैदानं आहेत, प्रेक्षक आहेत, मुली आहेत.

आणि संघही होते. पहिल्या हंगामात एफसी पुणे सिटीचा महिला संघ खेळला. दुसऱ्यात मुंबईचा इंडिया रश. एफसी कोल्हापूर सिटीने २०१८–१९ आणि २०१९–२० असे हंगाम खेळले. शाहू महाराजांच्या नगरीतल्या मुली राष्ट्रीय लीगमध्ये बघताना काय वाटलं ते शब्दांत येत नाही. २०२१–२२ मध्ये मुंबईचा पिफा होता. पुढे पुणे सिटी हा क्लबच बंद पडला. बाकीचे एकेक करून यादीतून गेले. आयडब्ल्यूएल २ सुरू झाल्यापासून पहिल्या दोन हंगामांत वर गेलेल्या चार संघांत आपलं एकही नाव नाही.

कारण एका वाक्यात सांगता येणार नाही, पण माझ्या डोळ्यांसमोरचं सांगते. आमच्या मैदानावर मुलींना सरावासाठी मिळणारी वेळ म्हणजे मुलांचा सराव आणि क्रिकेटचं नेट यांच्या मधला सव्वा तास. बुटांच्या दुकानात मुलींच्या मापाचे स्टड मागितले की लहान मुलांचे बूट पुढे करतात. ते पुढून रुंद आणि टाचेत सैल, पळताना टाच उचलते आणि फोड येतात. आमच्या मुली दोन मोजे घालून खेळतात. दहावी आली की निम्मा संघ गळतो. उरलेल्यांना वर्षाला सात-आठ सामने मिळतात. सात-आठ सामन्यांवर राष्ट्रीय लीगचा संघ उभा राहत नाही. केरळ आणि बंगालमध्ये हे प्रश्न नाहीत असं नाही. तिथे राज्याची लीग मुलींना सामने तरी देते.

तालमींनी मुलींचे संघ काढले तर? हा प्रश्न मी प्रत्येक बैठकीत विचारते. मैदान, जर्सी, प्रशिक्षक, पाठीराखे हे सगळं तालमींकडे आधीच आहे. एका तालमीने काढला की समोरची पेठ मागे राहणार नाही, हे कोल्हापूर ओळखणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

खेळाडूंना पैसे मिळतात का?

मिळतात, पण कुणाला किती यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. महासंघाने २०२३ मध्ये ठरवलं की पहिल्या श्रेणीतल्या प्रत्येक क्लबने किमान १० भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपयांचा करार करायचा. म्हणजे महिन्याला साधारण साडेसव्वीस हजार. फार नाही. पण जिथे आधी स्पर्धेपुरते दोन-तीन महिन्यांचे करार व्हायचे तिथे वर्षाचा आकडा कागदावर आला, हा फरक एखाद्या बापाला पटवून देताना फार कामी येतो. "खेळून पोट भरतं का?" याला मी आता आकड्याने उत्तर देऊ शकते.

आयडब्ल्यूएल २ मधल्या मुलींना अशी हमी नाही. बऱ्याच जणी रेल्वे, पोलीस, निमलष्करी दल यांच्या नोकरीची वाट धरतात आणि त्यात काही गैर नाही. नोकरीच्या त्या आधारानेच मुलींचं फुटबॉल कित्येक वर्षं तगलंय.

परदेशी खेळाडूंमुळे आपल्या मुलींची जागा जात नाही का?

थोडी जाते. पण बदल्यात जे मिळतं ते जास्त आहे. नेपाळची सबित्रा भंडारी गोकुलमकडून खेळायची. २०२२–२३ मध्ये तिने २९ गोल केले. तिला रोज सरावात अडवणारी बचावपटू आठवड्याला जितकं शिकते तितकं वर्षभर दुबळ्या संघांशी खेळून शिकणार नाही. मर्यादा असावीच, दार बंद नसावं.

आयएसएलच्या प्रत्येक क्लबला महिला संघ ठेवावा लागत नाही?

आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग, पुरुषांची सर्वोच्च लीग. २०२४–२५ च्या आठ संघांपैकी तिच्यातले फक्त दोन, ईस्ट बंगाल आणि ओडिशा. उत्तर यातच आलं. केरळ ब्लास्टर्सने महिला संघ काढला आणि २०२३ मध्ये, पुरुष संघाच्या वादात मोठा दंड बसल्यावर, पैशाचं कारण देऊन तो थांबवला. पुरुषांच्या सामन्यात झालेल्या गोंधळाची किंमत मुलींच्या संघाने मोजली. हे लिहितानाही हात थरथरतो.

लीग जिंकल्यावर पुढे काय मिळतं?

आशियात खेळायची संधी. गोकुलम २०२१ मध्ये जॉर्डनच्या अकाबात आशियाई क्लब स्पर्धा खेळला, तिथे जाणारा पहिला भारतीय महिला क्लब. पुढच्या वर्षी मात्र जे घडलं ते विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही: ऑगस्ट २०२२ मध्ये संघ ताश्कंदला पोहोचला आणि त्याच सुमारास फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केलं. कारण कारभारातला बाहेरचा हस्तक्षेप. मैदानाबाहेरच्या भांडणात मुलींना एकही सामना न खेळता परत यावं लागलं. निलंबन उठलं २६ ऑगस्टला, तोवर उशीर झाला होता.

ईस्ट बंगालचं नशीब बरं निघालं आणि खेळही. ऑगस्ट २०२५ मध्ये कंबोडियातल्या नॉम पेन्हला त्यांनी यजमान नॉम पेन्ह क्राउनला १–० ने हरवलं, हाँगकाँगच्या किचीशी १–१ बरोबरी केली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात पोहोचले. नोव्हेंबरमध्ये चीनच्या वुहानला इराणच्या बाम खातूनवर ३–१ असा विजय. पुढचे दोन सामने गेले. डिसेंबरमध्ये काठमांडूला दक्षिण आशियाई महिला क्लब स्पर्धा त्यांनी जिंकली.

भारतीय संघाला या सगळ्याचा उपयोग झाला का?

झाला. ५ जुलै २०२५, थायलंडमधलं चियांग माई. भारताने थायलंडला त्यांच्याच घरी २–१ ने हरवून २०२६ च्या आशियाई चषकाचं तिकीट मिळवलं. पात्रता फेरी खेळून असं पहिल्यांदाच. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. संगीता कल्याणीची, म्हणजे ज्या गावात तीन महिने आधी ईस्ट बंगालने लीग जिंकली त्याच गावची मुलगी. प्रशिक्षक होते क्रिस्पिन छेत्री. ओडिशाला २०२३–२४ ची लीग जिंकून देणारे तेच. २०२२ च्या आशियाई चषकात आपला संघ करोनामुळे मधूनच बाहेर पडला होता, तोही इथे नवी मुंबईत. ती जखम घेऊन फिरणाऱ्या आम्हा सगळ्यांना त्या रात्री झोप लागली नाही.

पुढचा हंगामही असाच झाला का?

डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालेला हंगाम पुन्हा एकत्रित ठिकाणी, पश्चिम बंगालमध्ये सुरू झाला. खर्चाची ओढाताण समजते. पण घरच्या मैदानावरचे सामने गेले की कोळीकोडच्या किंवा बंगळुरूच्या मुलीला आपला संघ मोबाईलवरच बघावा लागतो. हे पाऊल मागे गेलं असं मी म्हणेन.

सामने कुठे बघायचे?

महासंघाच्या 'इंडियन फुटबॉल' या यूट्यूब चॅनेलवर बरेच जुने सामने पडून आहेत, फुकट. कॅमेरा कधी एकच असतो, समालोचन कधी अडखळतं. तरीही मुलींना दाखवा. आधी पंधरा मिनिटं फक्त त्यांच्या जागेवर खेळणाऱ्या खेळाडूकडे बघायला सांगा, चेंडूकडे नाही.

माझ्या मुलीला खेळायचंय. सुरुवात कुठून करू?

शाळेपासून. शाळेचा संघ असेल तर सुब्रतो कप या शाळांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेच्या १७ वर्षांखालील मुलींच्या गटाची वाट उघडते: जिल्हा, विभाग, राज्य आणि मग दिल्ली. खेलो इंडियाच्या अस्मिता लीगमध्ये लहान वयोगटाच्या मुलींना सामने मिळतात, जिल्हा संघटनेकडे चौकशी करा. क्लबमध्ये गेलात तर पहिला प्रश्न "नोंदणी कराल का?" हा विचारा, महासंघाच्या नोंदणी प्रणालीत मुलीचा क्रमांक निघाला की तिचं नाव अधिकृत खेळाडू म्हणून लागतं. त्यासाठी जन्मदाखला लागतो आणि त्यावरचं नाव शाळेच्या दाखल्यातल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आमच्या दोन मुलींचा एक अख्खा हंगाम एका वेलांटीपायी गेला, म्हणून हे आजच तपासा.

बूट घेताना मुलीला सोबत न्या, तिचेच मोजे घालून दुकानात चालायला लावा. आणि पहिल्या सामन्याला तुम्ही स्वतः या. ती वॉर्मअप करताना तीन वेळा कठड्याकडे बघते, तुम्ही आलात का ते.